लांब नाकाचं इंजिन

राजूरला उस्तादांच्या ओसरीत कपाटावर एक लाकडी इंजिन होतं. दीड हात लांब, सागवानी ठोकळ्यातून कोरलेलं, विटकरी रंगाचं, मधून पिवळा पट्टा. मीटरगेजवर, म्हणजे आमच्या भाषेत छोट्या लाईनीवर, जे डिझेल इंजिन त्यांनी चालवलं त्याचंच ते मॉडेल. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ते यार्डात डबे लावायचं काम करायचे. दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात त्यांनी ते तासलं होतं. त्याला खिडक्या नव्हत्या. खिडक्यांच्या जागी काळा रंग फासलेला. कठडे नाहीत, पायऱ्या नाहीत, चाकं म्हणजे नुसत्या लाकडी चकत्या.

निवृत्तीनंतर त्यांचे हात थरथरायला लागले. एका रविवारी त्यांनी ते खाली काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, तुझ्या हाताला लेथची सवय आहे, ह्याला जरा खऱ्यावानी करून दे. मी हो म्हणालो. त्यांना नाही म्हणण्याची माझी प्राज्ञाच नव्हती. त्याचं कारण इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला लपायला जागा राहणार नाही.

ऐंशीच्या दशकात मी त्यांच्या इंजिनावर असिस्टंट होतो. ड्रायव्हरला आमच्याकडे सगळे उस्तादच म्हणत. मी पंचविशीच्या आत, टेंपरवारी. ते पंचेचाळिशीचे, गाडीवर मुरलेले. त्या इंजिनाची केबिन एका टोकाला असायची आणि उरलेला सगळा भाग म्हणजे मशिनीवरचं लांब पत्र्याचं झाकण. त्याला आम्ही लांब नाक म्हणायचो. हे नाक पुढे करून गाडी निघाली की डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला उजवं वळण दिसतच नाही, सगळं नाकाआड जातं. अशा वळणावरचा सिग्नल उजवीकडच्या असिस्टंटनं बघायचा, मोठ्यानं सांगायचा, आणि ड्रायव्हरनं तोच शब्द परत म्हणायचा. सिग्नलचा हात आडवा असला तर थांबायचं, खाली पडलेला असला तर जायचं. एवढंच काम. शाळेतल्या पोरालाही जमेल असं.

एका लहान स्टेशनाच्या अलीकडे तसं उजवं वळण होतं. दुपारची पॅसेंजर. मी जेवणाचा डबा धुऊन पुसत होतो. आमच्या गाडीला त्या सिग्नलचा हात रोज खालीच असायचा. आठ महिन्यांत मी तो एकदाही आडवा पाहिला नव्हता. मी डब्यावरून नजर न उचलताच म्हणालो, "खाली." उस्ताद म्हणाले, "खाली."

हात आडवा होता. पुढे लाईनीवर रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमनांची ट्रॉली उभी होती. उस्तादांना ती दिसली तेव्हा ब्रेक मारूनही उपयोग नव्हता. माणसं उड्या मारून बाजूला झाली, ट्रॉली चेंगरली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आडवा सिग्नल ओलांडणं म्हणजे ओलांडणंच.

चौकशीत मला विचारलं की सिग्नल कोणी सांगितला. मी म्हणालो, मी केबिनमध्ये नव्हतो, तेलाचं प्रेशर बघायला बाहेर मशिनीकडे गेलो होतो, उस्तादांनीच पाठवलं होतं. हे मी आदल्या दिवशी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि निघाल्यावर फार सोपं वाटलं. उस्तादांनी आधी खरं काय ते सांगितलेलं होतं. माझा जबाब त्यांना वाचून दाखवला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, हो, मीच पाठवलं असेल.

वळणावर एकटा डोळा, तोही आंधळ्या बाजूचा. असिस्टंटला अशा ठिकाणी केबिनबाहेर पाठवणं हा ड्रायव्हरचा मोठा गुन्हा. त्यांना गाडीवरून कायमचं उतरवलं. मला ताकीद मिळाली.

ज्या नोकरीसाठी खोटं बोललो ती मी तीन वर्षांत सोडली. सिग्नल दिसला की त्याचा हात मी चारचार वेळा सांगायचो. उस्तादांना भेटून म्हणालो, सोडली. ते म्हणाले, बरं. बाकी काही नाही. मी जालन्याच्या एमआयडीसीत लेथवर लागलो. पुढे मीटरगेज उठलं, मोठी लाईन आली, ती इंजिनं कुठे गेली कोणास ठाऊक. उस्ताद निवृत्त होऊन राजूरला घरच्या शेतावर आले, आणि मी रविवारी एसटीनं त्यांच्याकडे जायला लागलो. आमच्यात त्या दुपारचा विषय कधीच निघाला नाही.

मॉडेलचं काम वर्षभर चाललं. खरे सुटे भाग मिळायचा प्रश्नच नव्हता, जे हाताशी असेल त्यातून करायचं. मोडक्या छत्रीच्या काड्यांचे कठडे केले. मशिनीला हवा लागायला खऱ्या इंजिनाच्या कुशीत जाळ्या असतात. त्या चहाच्या गाळणीतून कापल्या. छतावरचा पंखा पावडरच्या डब्याच्या पत्र्याचा. पुढचा दिवा टॉर्चच्या बल्बचा. चाकं मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पितळेची कातली, आणि बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटार पोटात बसवली. सेल लावले की इंजिन फळीवर दोन वीत सरकायचं. उस्ताद खुर्चीत बसून नुसते बघायचे आणि चुका काढायचे. एकदा मी पुढे दोन बाजूंना धक्का झेलणारे दोन बफर लावून नेले, फार सुबक झाले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे कोणाचं इंजिन उचलून आणलं रे?"

"का, उस्ताद?"

"हे मोठ्या लाईनीचं झालं. आपल्याला एकच बफर, मधी. आठ म्हैने माझ्यासंगं राह्यलास अन इंजिनाचं तोंड न्हाई पाह्यलं तू?"

आतून उस्तादांच्या बायको, आमच्या काकू, हसल्या. मी दोन्ही बफर उपटले. ते बोलले त्यात मला दुसरं काही ऐकू आलं का, असं मी स्वतःला एसटीत बसून विचारलं होतं. मला दर वाक्यात ऐकू यायचं. त्यांच्या मनात बहुतेक वेळा फक्त बफरच असायचा.

शेवटचं काम केबिनचं राहिलं होतं. मी मुद्दाम मागे ठेवलं होतं की काय, सांगता येत नाही. ठोकळा आतून कोरून पोकळ केला, काळा रंग खरवडून खिडक्या उघड्या केल्या, जुन्या एक्स-रेची फिल्म धुऊन तिच्या काचा बसवल्या. आत दोन खुर्च्या ठेवल्या, डावी आणि उजवी. केबिनची मागची भिंत अजून चिकटवायची होती. त्या दिवशी मी इंजिन असं, मागून उघडं, राजूरला नेलं.

त्या रविवारी उस्तादांचा मुलगा घरी आला होता. तो अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होता, वय पंचवीसच्या आसपास. ट्रॉली चेंगरली तेव्हा तो चौथी-पाचवीत असेल. रेल्वे क्वार्टरमधली पोरं त्याला काय काय म्हणायची ते त्यानं मला एकदा सांगितलं होतं, अगदी हसत हसत. बापाशी तो वाईट वागायचा नाही, पण बापावर काही सोपवायचाही नाही. विहिरीवरची मोटार चालू करायची असो की गाडीबैल गावाबाहेर न्यायचे असोत, म्हणायचा, राहू द्या, तुमच्या भरवशावर नको. उस्ताद हातातलं ठेवून द्यायचे. हे मी किती रविवार पाहिलं असेल. चहाचा कप तोंडाला लावून पाहिलं.

त्यानं इंजिन हातात घेऊन फिरवून पाहिलं. कारागीर माणूस, त्याला काम कळत होतं. चाकांवरून बोट फिरवलं, चांगली कातलीत म्हणाला. मग इंजिन टेबलावर ठेवून बापाकडे न बघता म्हणाला, "काका, पुढं एक सिग्नलबी लावा. बाबाला ओलांडायला."

काकू दारात होत्या, त्या आत गेल्या. उस्ताद काचपेपरानं केबिनची सुटी भिंत घासत होते, ते घासतच राहिले. मला तेव्हा जे वाटलं ते धाडस नव्हतं. मला फक्त ते घासणं बघवेना.

मी काड्यापेटीतली एक काडी घेतली, काकूंकडून कणकेचा गोळा मागितला, त्यात काडी उभी केली आणि टेबलाच्या कडेला, इंजिनाच्या पुढे उजव्या अंगाला ठेवली. मुलाला म्हणालो, इकडे ये, मागून वाक, डाव्या खुर्चीपाशी डोळा लाव. तो वाकला.

"काडी दिसती का?"

"न्हाई. नाक मधी येऊन राह्यलं."

"आता उजवीकडून बघ."

"दिसती की."

"तिथं मी बसायचो."

तो वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला. "पण तुम्ही तर बाहेर गेल्ता ना? बाबानंच धाडलं होतं."

"न्हाई गेल्तो," मी म्हणालो. "तिथंच होतो. डबा पुसत होतो. न बघता खाली म्हणालो."

उस्तादांनी काचपेपर खाली ठेवला. मुलानं त्यांना विचारलं, खरं आहे का हे. ते हळू आवाजात, मला वाटतं त्याच्यापेक्षा मलाच, सांगू लागले. हा टेंपरवारी होता, ह्याला काढूनच टाकलं असतं. मला उतरवतील, काढणार नाहीत, असा माझा हिशेब होता. एकाची तरी नोकरी वाचते. आणि वळणावर मीही वेग कमी करायला पाहिजे होता, रोजची सवय मलाही होती. एवढं सांगून पुढे जे म्हणाले ते मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

"राग आला मला. तव्हा न्हाई, मागून. यार्डात डबे ढकलताना लई आला. हा रविवारी दारात दिसला की यायचा. मंग चहा पिऊन झाला की जायचा."

मुलगा म्हणाला, "ह्यो टेंपरवारी होता. अन मी? मी कोण होतो, बाबा?"

उस्तादांनी माझी नोकरी आणि स्वतःची नोकरी तोलली होती, त्यात मुलगा कुठेच धरला नव्हता, हे त्यांच्या बहुतेक त्याच क्षणी लक्षात आलं. माझ्या तर कधीच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला एका माणसाचा अपराधी समजत होतो.

मुलगा माझ्याकडे वळला. मला वाटलं हात उचलेल, आणि उचलला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आता हेच आईपुढं बोला. मी हितंच उभा हाय."

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण पहिल्या वेळी माणूस वाहून गेलेला असतो. काकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी उंबऱ्याशी उभं राहून सगळं सांगितलं: डबा, सिग्नल, माझा जबाब, उस्तादांनी बदललेला जबाब. ह्या खेपेला एकही शब्द सोपा केला नाही. त्यांनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होतो. त्यांनी वर न बघता विचारलं, "भाऊ, मंग तुम्ही इतके रविवार ह्याच्यासाठीच येत होता का?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. हो म्हणालो असतो तर ते पश्चात्तापाला शोभलं असतं. पण ते पुन्हा खोटं झालं असतं.

"आधी ह्याच्यासाठीच यायचो," मी म्हणालो. "मग इंजिनाचं काम सुरू झालं. त्यानंतर कधी कधी हे आठवायचंसुद्धा नाही. उस्ताद चुका काढायचे, तुम्ही हसायच्या, मला बरं वाटायचं. एसटीत बसल्यावर पुन्हा आठवायचं."

त्यांनी भाकरी निखाऱ्यावर उभी केली. ती फुगली.

"पुढच्या रविवारी येऊ नका," काकू म्हणाल्या. "त्या दोघांला बोलू द्या. मुके हायेत दोघंबी, येळ लागंल. त्याच्या पुढच्या रविवारी या."

मी बरं म्हणालो. ओसरीतून जाताना उस्तादांनी मान हलवली, मुलानं हलवली नाही. इंजिन टेबलावर होतं तसंच राहू दिलं. मला ते न्यायला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढचा रविवार मी जालन्यात घरीच काढला. सकाळी बायकोनं विचारलं, आज राजूरला नाही का जायचं. तिलाही मी तेव्हाच सगळं सांगितलं. ती तिसरी.