कुंदाबाईंचा निळा

धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत कुंदाबाईंनी जन्मभर चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला वेगळंच काम लागलं, ते मृणालीमुळे. मृणाली त्यांची जुनी विद्यार्थिनी, नाशिकला जुनी चित्रं विकते. दीड-दोनशे वर्षांपूर्वी परदेशात तांब्याच्या पत्र्यावर पक्षी कोरून कागदावर छापत आणि मग एकेका प्रतीत हाताने रंग भरत. काही पानं मात्र रंगवायची राहूनच जात. तशी पानं मृणाली बाईंकडे धाडायची. बाई त्यांत जलरंग भरायच्या आणि मागे पेन्सिलीने ‘रंग नवे’ असं न विसरता लिहायच्या.

नमुन्यासाठी मृणालीने त्या काळीच रंगवलेलं खंड्या पक्ष्याचं एक पान दिलं होतं. बाईंना त्याची कीव यायची.

“बिचारा पार विटला गं,” त्या सुनेला, सपनाला म्हणायच्या आणि आपल्या खंड्याच्या पाठीवर निळ्याचा आणखी एक हात द्यायच्या. त्यांचे खंड्या पक्षी हातोहात खपले.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली, सपनाने चहा आणला. बाई भिंतीकडेच बघत बसल्या.

“हा रंग कधी दिला गं?”

“कोणता, आई? भिंत पांढरीच आहे पहिल्यापासून.”

बाईंनी उजवा डोळा झाकला. भिंत पिवळट. डावा झाकला. भिंत पांढरीशुभ्र. मग उठून त्यांनी नमुन्याचं पान काढलं. ते विटलेलं नव्हतंच. निळा शांत होता, कडेला हिरवट झाक. शेजारी ठेवलेला त्यांचा खंड्या नुसता नीळ पाजल्यासारखा दिसत होता. मोतीबिंदूच्या पिवळ्या पडद्याआडून निळा कमीच वाटायचा, म्हणून त्या वाढवत गेल्या होत्या. ज्या जुन्या पानाची एवढी कीव केली, तेच बरोबर होतं.

त्यांनी फोन लावला. “मृणाली, ते खंड्या पक्षी चुकलेत. परत मागव, नवे करून देते.”

“जय भीम, बाई. अहो, लोकांना तोच निळा आवडतो! आणखी मागणी आहे. तस्साच द्या.”

बाई कामाला बसल्या, पण निळा गडद होऊ लागला की हात आखडायचा. शेवटी त्यांनी उजव्या डोळ्यावर कापसाची घडी चिकटवली. डाव्याने काम सरसर झालं. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख आली, तेव्हा म्हणाल्या, “घाई काय आहे?”

एका सकाळी सपना खोलीत आली. “आई, बऱ्या डोळ्यावर पट्टी?”

बाईंनी कुंचला खाली ठेवला. मग घडी काढली. “डॉक्टरांना विचार, कधी येऊ ते.”

दुसरा डोळाही झाला. बाईंनी मृणालीला फोनवर सांगितलं, आता तसा निळा जमणार नाही. “मग निळे पक्षी मी दुसरीकडून करून घेते, बाई. रागावू नका.”

“नाही रागावत,” बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

काही आठवड्यांनी मृणालीचं पार्सल आलं. लावे, चंडोल, पिंगळे. सहसा कोणी न मागणारे, सगळे मातकट. बाईंच्या मनाला थोडं लागलं. तरी खिडकीशी बसून त्यांनी तपकिरी कालवायला घेतला. एका लाव्याच्या पंखातच करडा, गेरू, कथ्थई, वाळल्या गवताचा पिवळा, किती काय दडलेलं.

सपनाने जेवायला हाक मारली.

“थांब गं जरा,” बाई आतून म्हणाल्या, “पंख ओला आहे अजून.”