पाचवी सवाष्ण

कॉलेजातल्या माणसांना महिनाभर घरी चहा पाजला, की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. रिकाम्या कपांबरोबर ट्रेमधूनच आत येतात. मी शाळेची पायरी चढलेली नाही. मी बोलते, नात लिहून घेते. तिला बजावलंय, एकही शब्द मऊ करायचा नाही!

माझी सून शरयू आर्किटेक्चर कॉलेजात शिकवते. घरांची, इमारतींची डिझाइनं कशी शिकवावीत यावर पुण्यात मोठी परिषद भरायची होती, देशोदेशींचे शिक्षक येणार. वर्षभर त्या सगळ्यांशी पत्रव्यवहार केला शरयूनं. कुणाला जेवणात काय चालत नाही, कुणाचे गुडघे दुखतात, सगळं तिला पाठ. कॉलेजात रंगकाम निघालं म्हणून स्वागत समितीच्या मीटिंगा विश्रांतवाडीला आमच्या हॉलमध्ये.

पहिल्याच मीटिंगला प्राचार्य मोघे सर म्हणाले, "दारात स्वागताला शरयू मॅडमच हव्यात. त्यांनीच बोलावलंय सगळ्यांना."

माझा मुलगा गेल्यापासून शरयूचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

*

त्या दिवशी तासभर चर्चा कशावर? उंबरठ्यावर! सर म्हणे, "उंबरठा ही नुसती लाकडाची पट्टी नाही. तो एक अनुभव आहे. आतलं आणि बाहेरचं जग तिथे भेटतं."

मी चहा घेऊन उभी. म्हटलं, "सर, आमच्या उंबरठ्यात तुमचे बूट भेटलेत. तेवढे बाजूला घ्या, मला दार लावायचंय."

*

पुढच्या आठवड्यात नीता मॅडम स्वयंपाकघरात आल्या. या स्वागताच्या प्रमुख. आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजी, पाहुण्यांचं औक्षण करायचंय. पाच सवाष्णी उभ्या करणार आहोत दारात."

"करा की."

"म्हणजे... शरयूला मग रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसवतोय. तिला वाईट वाटायला नको ना, म्हणून."

माझ्या हातात उलथनं होतं. हातातच ठेवलं, हे माझे उपकार!

"मॅडम," मी म्हटलं, "नवरा गेल्याचं वाईट तिचं वाटून झालंय. हे नवीन वाईट तुम्ही घेऊन आलात."

"अहो आजी, तुम्ही जुन्या वळणाच्या. तुम्ही तरी समजून घ्याल असं वाटलं होतं."

"मी जुनी आहे म्हणूनच समजलं. मला माझ्या नणंदेच्या लग्नात कोठीच्या खोलीत बसवलं होतं. तेव्हाही म्हणाले होते, तुला वाईट वाटायला नको!"

*

शरयूला कळलं. ती भांडली नाही. स्वागतासाठी इस्त्री करून दाराला टांगलेली मोरपंखी साडी तिनं घडी घालून कपाटात ठेवली.

"बाहेर काढ ती," मी म्हटलं.

"आई, टेबलावर बसायला कशाला हवीय चांगली साडी?"

मी स्वतः काढली, पुन्हा दाराला टांगली.

*

सर घरी आले तेव्हा त्यांनाच धरलं. ते म्हणाले, "आजी, माझा वैयक्तिक विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर!"

"मग?"

"पण लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? ते न्यूझीलंडहून येणारे?"

सरांनी बिस्कीट चहात बुडवलं. ते तिथेच राहिलं. सर कपात बघत बसले.

*

खरी मजा पुढे. चार सवाष्णी जमल्या, पाचवी मिळेना. एका मॅडमचा घटस्फोट झालेला, बाद. एकीचं लग्नच नाही, बाद. शेवटी ऑफिसातल्या एक बाई सुचवल्या गेल्या. त्यांचा नवरा बायको-मुलांना टाकून गेलेला, कुठे असतो ते कुणाला ठाऊक नाही. आमच्या हॉलमध्ये समिती विचारात पडली. शिकलेली माणसं, गंभीर चेहरे!

नीता मॅडमनीच निकाल दिला. "पण असेल ना कुठेतरी? मग चालेल."

मला राहवलं नाही. आतूनच ओरडले, "वा! नवरा पळाला तरी चालतो, फक्त मरायला नको!"

त्या दिवशी दुसरा चहा कुणी मागितला नाही. मी करणारही नव्हते.

*

परिषदेचा दिवस. शरयू मोरपंखी साडी नेसली आणि मला म्हणाली, "आई, तुम्ही चला माझ्याबरोबर." गेले. ती टेबलामागे, मी शेजारी खुर्चीवर. दारात रांगोळी, चौरंगावर औक्षणाचं ताट. सवाष्णी मात्र नाहीत! नीता मॅडम त्यांना घेऊन कसब्यात गेलेल्या, नऊवारी नेसवून घ्यायला आणि गजरे आणायला. परत येताना गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली.

आणि पाहुणे वेळेवर आले! ही शक्यता समितीनं धरलीच नव्हती.

बस दाराशी लागली. सर फेटा सावरत धावत टेबलापाशी आले. "शरयू मॅडम, उठा, उठा! ताट घ्या. आजच्या दिवस अपवाद करू!"

शरयू उठली. तेवढ्यात बसच्या पायरीवरूनच एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी हाक मारली, "शरयू!" आयुष्यात पहिल्यांदा भेटत होत्या, तरी फोटोवरून ओळखलं त्यांनी. शरयू दारात गेली, त्यांचा हात धरून त्यांना उतरवून घेतलं. मग मागच्यांना नावानं हाका मारायला लागली.

"मॅडम, ताट!" सर मागून.

"सर, पाहुण्यांना मी आत घेते," ती मान न वळवता म्हणाली. "ताटाचं तुम्ही बघा."

"मी? मी कसा ओवाळणार?"

पाहुणे थांबलेले, मोबाईल वर केलेले. सरांच्या कपाळावर घाम. मी खुर्चीवरून उठले, निरांजन लावलं आणि ताट सरांच्या हातात दिलं.

"सर, घरी मंडळी हयात आहेत ना?"

"आहेत की, आजी!"

"मग तुम्हाला चालतं. ओवाळा!"