आमच्या दूध संस्थेची अखेर

आमच्या गावच्या दूध संस्थेत दूध सोडून सगळं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, चेअरमन होते, मी सेक्रेटरी होतो आणि भिंतीशी पालथे घातलेले सहा कॅन होते. शेतांवर गोदामं उभी राहिली. आमची म्हैस आम्ही अंबाडी गावच्या एकाला विकली आणि गावातल्या म्हशी संपल्या, असं मी जाहीर करून टाकलं.

मग सहकार खात्याचा अंतरिम आदेश आला : कामकाज बंद असलेली ही संस्था गुंडाळू का नये, याचा खुलासा करा. मला मनातून आनंदच झाला. (दर वर्षी ‘संकलन : शून्य लिटर’ असं सुवाच्य अक्षरात लिहून हात दुखायचा!) आबांना मात्र जेवण गोड लागेना. दारोदार फिरून त्यांनीच ती संस्था उभी केली होती.

सुनावणीला जाताना, नारपोलीच्या ट्रॅफिकमध्ये, मी त्यांना बजावलं की तुम्ही बोलू नका, मी बोलतो. आबा गप्प राहिले. त्यांच्या गप्प बसण्याला मी होकार समजतो, ही माझी जुनी चूक.

गावात एकही दुभतं जनावर उरलेलं नाही, असं मी साहेबांना सांगितलं. तेवढ्यात आबा उठले.

"सायेब, पाड्यावर अकरा म्हशी हायेत. संस्था चालंल. फक्त ह्यो सेक्रेटरी बदला."

सेक्रेटरी नक्की काय करतात, असं साहेबांनी विचारलं.

"काय न्हाय करत. मी बाप हाय त्याचा, मला म्हाईत हाय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढच्या तारखेला पाड्यावरची माणसं आली. त्यांचं दूध आता खाजगी डेअरीवाला दारातून नेत होता. संस्थेकडून कधी कोणी फिरकलंच नाही, म्हणाले. झालं, अंतिम आदेश निघाला.

संस्था गुंडाळायला सरकारने नेमलेले अवसायक घरी आले. आबांनी शिक्का धोतराच्या सोग्याने पुसून दोन्ही हातांनी त्यांना दिला. मला बघवेना, म्हणून मी आदेश वाचायला घेतला. त्यात संस्था बंद पडण्याचं कारण स्वच्छ छापलं होतं : ‘सचिवांची पूर्ण निष्क्रियता.’

बायकोने कागद माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला आणि चप्पल घातली.

"कुठे?" मी विचारलं.

"झेरॉक्स काढायला," ती म्हणाली. "एक कपाटाला लावायला, एक माहेरी पाठवायला."