रंगून ते गुदैबिया, व्हाया पॉल

टेरेसा तुस्कानो १९८३ साली बहरीनमधल्या एका हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होती. तिच्या वॉर्डात पेशंट तिला विचारल्याशिवाय खोकतही नसत. बेचाळीस साली, बारा वर्षांची असताना, जपानी बॉम्ब पडू लागल्यावर ती आईवडिलांबरोबर रंगूनहून निघाली आणि जंगलडोंगर तुडवत चालत हिंदुस्थानात पोचली. आई वाटेतच गेली. पुढे वसईत लग्न झालं आणि मग नोकरीसाठी बहरीन.

तिथल्या भारतीय शाळेत इतिहासाच्या बाईंनी नववीच्या मुलांना सांगितलं होतं, की मोठ्या संकटातून वाचलेलं माणूस शोधा आणि त्याच्या आठवणी टेप करा. रत्नागिरीकडची जुबैदा आणि पुण्याच्या इंजिनियरचा मुलगा दत्तप्रसाद एका शुक्रवारी टेपरेकॉर्डर घेऊन टेरेसाच्या गुदैबिया भागातल्या फ्लॅटवर आले. टेरेसाने आधी दोघांची नखं तपासली.

पहिली कॅसेट फुकट गेली. तीत एसीच्या घरघरीशिवाय काही नव्हतं. पुढच्या शुक्रवारी एसी बंद केला. मे महिना, सगळे घामाने निथळत बसले. या वेळी आवाज स्वच्छ आला, पण तो टेरेसाच्या नवऱ्याचा, पॉलचा.

पॉल सित्रा बेटावरच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होता. रंगून सोडाच, बेचाळीस साली त्याने बोरिवलीही पाहिली नव्हती. पण पंचवीस वर्षं ऐकून बायकोची गोष्ट त्याला तिच्यापेक्षा नीट पाठ झाली होती. ती म्हणे, वाटेत एक हत्ती दिसला. तो म्हणे, तीन. ती नदीपाशी पोचायच्या आत तो तिला इंफाळला नेऊन बसवी. आणि गोष्टीत तिला बूट देणारा गोरा सोल्जर आला, तेव्हा पॉलने त्याचे संवाद इंग्रजीत म्हणून दाखवले.

तिसऱ्या शुक्रवारी जुबैदाने अदबीने विचारलं, की अंकलना बेकरीतून गरम रोट्या आणायला पाठवता येईल का. पॉल तोंड पाडून गेला.

दार लागल्यावर टेरेसाने खुर्ची टेपरेकॉर्डरजवळ ओढली. कॅसेट फिरत होती.

"सोल्जर वगैरे कोणी नव्हता," ती म्हणाली. "बूट आईचे. तिला ताप होता, उठवत नव्हतं. म्हणाली, तुझे पाय सुजलेत, काढून घे. मी काढले. ती अजून जिवंत होती. आणि मला बूट मिळाल्याचा आनंद झाला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

घरी मराठीला इंग्रजीत उत्तर देणाऱ्या दत्तप्रसादने मराठीत विचारलं, "ते बूट तुम्हाला झाले का?"

"दोन नंबर मोठे. आत चिंध्या कोंबल्या." टेरेसा हसली, मग तिचे डोळे भरून आले, मग तिने दत्तप्रसादला नाक पुसायला सांगितलं.

पॉल रोट्या घेऊन दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं. तो तिच्या शेजारी येऊन बसला आणि एकही दुरुस्ती केली नाही.

बाईंनी ती कॅसेट वर्गात ऐकवली. टेरेसा खास रजा घेऊन गेली आणि मागच्या बाकावरून मुलांना ताठ बसायला सांगत राहिली. मग तिला नादच लागला. तिच्या वॉर्डात जमालुद्दीन नावाचा म्हातारा खलाशी होता. महायुद्धात जहाज बुडाल्यावर तो चार दिवस फळीला धरून तरंगला होता. टेरेसाने शाळेत फोन करून कळवलं, की पेशंट बोलायला तयार आहे, मंगळवारी डिस्चार्ज आहे, त्याआधी या. जमालुद्दीनला तिने विचारलंच नव्हतं. मुलं आली तेव्हा तो ब्लँकेट डोक्यावर ओढून झोपेचं सोंग घेऊन पडला होता. टेरेसा थर्मामीटर घेऊन उशाशी उभी राहिली, आणि तो दीड तास बोलला.