एरेचं नाव आणि पंकजाचं

पंकजाचा फोन आला तेव्हा पेडगावची कोकिळाबाई दिवसभर कापूस वेचून पार गळून गेली होती. लेक आयर्लंडमध्ये म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात नर्स. तिचं लग्न जिंतूरकडं जमलेलं, पोरगा पसंत, सगळं पसंत. घोडं अडलं होतं एवढ्यावरच की, सुनेचं नाव बदलायची त्या घरात रीत होती आणि सासू राजेश्रीबाई हटायला तयार नव्हत्या.

"जाऊ दे माय," पंकजा म्हणाली, "लय थकले मी. ठेवू दे त्यांना काय ठेवायचं ते."

कोकिळाबाईही हो म्हणणार होती. जन्मभर दुसरं काय केलं होतं तिनं? तेवढ्यात पंकजानं विषय बदलला. वॉर्डातल्या एका आजीनं आज तिला त्यांच्या आयरिश भाषेतलं देशाचं नाव शिकवलं होतं. एरे.

"एका देवीचं नाव हाय म्हणं, एरिऊ. बाहेरच्यांनी मुलूख जिंकला. तिनं त्यांच्याकडं एकच मागितलं, या भुईला माझं नाव राहू द्या."

"मग, राहिलं?"

"राहिलं की! नुसतं देश म्हणलं की एरे. देशाचं म्हणलं की एरन, देशात म्हणलं की एरिन. आपण घोडा, घोड्याचं, घोड्यात म्हणतो तसं. शेवट बदलतो, पण नाव तिचंच."

काय बाई तरी! राज्य गेलं, तरी नाव मागून घेतलं. आणि आपण? सतराव्या वर्षी नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'कोकिळा' लिहिलं आणि आपण खाली मान घालून बसलो. विचारलंसुद्धा नाही मेल्यांनी! कोकिळाबाईला एकदम संताप आला. स्वतःचाच जास्त.

लेकीचा फोन ठेवून तिनं थेट राजेश्रीबाईंना लावला.

"विहीणबाई, पोरीचं नाव पंकजाच राहील."

"अवो, रीत हाय आमची. तुमचंबी बदललंच की. काय बिघडलं?"

कोकिळाबाईत आता आवाज चढवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"माझी माय माझ्याच घरी वारली, विहीणबाई. मी रानात होते. जाताना ती सारखी 'मैना, मैना' करायली होती. उशाशी ही पंकजाच बसलेली, आठ वर्षांची. मैना कोण, हेच तिला माहीत न्हवतं. मग मला बोलवायला कोण येणार?"