बाजेवरची जागा

आज बाज विणताना ओल्या काथ्याचा वास आला अन् माजलगावकडची ऊसतोड आठवली. तिथं मुकादम बाजेवर बसायचा, आमी तोडणारे खाली मातीत. एक दिवस मी सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसलो. "कामून रं, हितं बसलास?" त्यानं विचारलं. "मी बी माणूसच हाय," मी म्हणालो. तो गुमान सरकला. माझी छाती फुगली. तेवढ्यात माझी बायको डोक्यावरची मोळी टाकून माझ्या बाजूला टेकली. "ऊठ, बाईमाणसानं खाली बसावं," मी सगळ्यांदेखत ओरडलो. मुकादम हसला, "बसू दे की, ती बी माणूसच हाय." पण ती उठली. आता घरात आमी दोघंच. मी रोज म्हणतो, बाजेवर बस. ती खालीच बसती अन् म्हणती, "तुमीच बसा. माणूस तुमी हायात."