नेन्यांची हवा

कोणाच्याही घरी गेलं की नेने बूट काढायच्या आधी दारातच एक लांब श्वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "कोरडी आहे हो तुमची हवा." हे आयर्लंडमध्ये! जिथे टॉवेल दोन दोन दिवस वाळत नाही, तिथे. ॲडम्सटाउनला आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हा निकाल सगळ्यांत जास्त मीच ऐकला.

नेने बरीच वर्षं मिनेसोटात काढून इथे आले होते. तिथे हिवाळ्यात फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीची, गरम हवा घर असं सुकवते की लोक त्या भट्टीला ह्युमिडिफायर जोडून घरभर ओलावा सोडतात. नेन्यांनी तिथे तो स्वतः बसवला होता. येताना तोही खोक्यात घालून आणला. त्यांच्या पत्नी मेधावहिनी म्हणायच्या, "सोफा विकला, आणि हे धूड आणलं बघा."

मग वहिनींना घशाचा कॅन्सर झाला. रेडिएशनने लाळच आटली. घशाला कोरड पडून रात्रभर उठायच्या, झोप म्हणून नाही. नेन्यांनी खोकं उघडलं.

इथे फर्नेस नाही. नव्या घरांत माळ्यावरचा पंखा नळ्यांतून खोल्यांत हवा सोडतो. "नळी ती नळी," नेने म्हणाले, "भोक पाडायचं, झालं." प्लंबर कोणी तयार होईना. हार्डवेअरवाल्याने दोनदा हवा कोरडी करायचं यंत्रच आणून दाखवलं. पलीकडच्या पॅटने नेन्यांकडे बोट दाखवून मला विचारलं, "युअर मॅन आता घरातही पाऊस पाडणार का?"

शेवटी आम्ही दोघंच. आठवडाभर ऑफिसने पिळून काढलेला मी शनिवारी माळ्यावर वाकून टॉर्च धरायचो आणि मनातल्या मनात नेन्यांना शिव्या घालायचो. भोक भलतीकडे पडलं, पाण्याचा जोड गळला, खालच्या छताला डाग पडला. नेने चिडत नसत. "होतंय, होतंय. आपल्याला कुठे जायचंय?"

यंत्र सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "छान झोप लागली हो." नेन्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं.

थोड्याच दिवसांत कपाटामागे काळी बुरशी धरली. नेने ब्लीच घेऊन पुसत बसायचे. "हिला झोप लागते ना, बास." एकदा ते चहा करायला आत गेले तेव्हा वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, घसा आहे तस्साच आहे. यांना नका सांगू." मी सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थकल्यासारखंही झालं.

थंडी सरता सरता वहिनी गेल्या. दिवस-कार्य उरकल्यावर एका दुपारी मी डबा घेऊन गेलो. वर यंत्र चालूच होतं, नेने भिंत पुसत होते.

"नेने, आता बंद करूया का ते?"

ते फडकं पिळत राहिले. "तिला काही फरक पडत नव्हता, जोशी. रात्री पाणी प्यायला उठायची, मी जागाच असायचो. सकाळी म्हणायची, छान झोपले. मी म्हणायचो, बघ, सांगितलं नव्हतं?"

मग त्यांनी फडकं बादलीत टाकलं.

"तुम्हीच करा बंद. माझा हात होत नाही."

मी माळ्यावर चढून पाण्याचा कॉक फिरवला, बटण बंद केलं. खालून नेन्यांनी विचारलं, "झालं?"

"हो," म्हणालो, आणि बराच वेळ खाली उतरलो नाही.